चार हात, पण कोणाचे?

चवथ आठ दिवसांवर आली की गोव्यातल्या घराघरांत माटोळीची चौकट माळ्यावरून खाली उतरते. एखाद्या घरी ती वाळवीने खाल्लेली निघते आणि मग सुताराला निरोप जातो. घरातील ज्येष्ठ व्यक्ती छताच्या कड्यांखालचे अंतर हाताने मोजते आणि सांगते, "चार हात लांब, दोन हात रुंद." सुतार आपल्या पडवीत बसून आपल्याच हाताने चार हात मोजतो आणि लाकूड कापतो. समजा, सांगणाऱ्याचा हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, ४२ सेंटिमीटर आहे आणि सुताराचा ४६. चौकट १६८ ऐवजी १८४ सेंटिमीटरांची होऊन येते. कड्या जिथल्या तिथे असतात आणि चौकट सोळा सेंटिमीटर जास्त भरते. दोघांपैकी कोणी चूक केलेली नसते. दोघांनीही चारच हात मोजलेले असतात.

लांबी मोजण्याची जी जी पद्धत माणसाने काढली, तिला या प्रसंगातून कधी ना कधी जावे लागले आहे. आज मोजपट्टी दहा रुपयांना मिळत असल्याने हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु मोजपट्टी बाजूला ठेवून स्वतःचे माप घडवायला बसले की सेंटिमीटरच्या त्या निमूट रेघांमागे किती भांडणे आणि किती तडजोडी आहेत, ते एका दुपारीच उमगते. या उद्योगाला साहित्य फारसे लागत नाही. सरळ लाकडी काठी, कागदाची लांब पट्टी, रेघांची वही, दोरा आणि मोजायला तयार असलेली दोन-तीन माणसे एवढे पुरते. माप घडवणे सोपे आहे. अवघड आहे ते त्याची परीक्षा घेणे, आणि त्याहून अवघड म्हणजे परीक्षेत ते नापास झाल्यावर तसे कबूल करणे.

आरंभ शरीरापासून करावा, कारण सगळ्यांनी तिथूनच केला. बोट, मूठ, वीत, हात, वाव आणि परस ही मराठीतली मापे अंगावरच वागवली जातात. दोन विती म्हणजे एक हात. दोन्ही हात पसरल्यावर होणारी वाव बहुतेक माणसांत उंचीच्या जवळपास भरते. म्हणूनच पाण्याची खोली वावेने आणि विहिरीची खोली परसाने सांगितली, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साधारण सारखेच चित्र उभे राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त या मापांचे कोष्टकच आहे. जवाचे आठ दाणे रुंदीकडून एकमेकांना चिकटवून ठेवले की एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस आणि चार कोसांचे योजन. कोष्टकात गुणोत्तरे पक्की आहेत. प्रश्न आरंभाचा आहे, कारण जव कोणत्या शेतातला आणि हात कोणाचा, याचे उत्तर गुणोत्तरात मिळत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राने तो प्रश्न ओळखला होता. तिथे अंगुळाची व्याख्या करताना 'मध्यम पुरुषाच्या' मधल्या बोटाच्या मधल्या भागाची रुंदी घ्यावी, असे सांगितले आहे. बोट उंच माणसाचेही नको आणि ठेंगण्याचेही नको. गंमत अशी, की हाच ग्रंथ पुढे एका हातावर समाधान मानत नाही. सामान्य हात चोवीस अंगुळांचा असला, तरी कुरणे मोजण्यासाठी अठ्ठावीस अंगुळांचा, सुतारकामासाठी बेचाळीस अंगुळांचा आणि जंगलातील लाकडासाठी चोपन्न अंगुळांचा हात वेगळा सांगितला आहे. आजच्या वाचकाला हा गोंधळ वाटेल. पण कापडाचा वार, जमिनीचा गुंठा आणि सोन्याचा तोळा ज्या समाजात अजून एकत्र नांदतात, त्याने कौटिल्याला हसण्याचे कारण नाही.

'मध्यम पुरुष' शोधायचा कसा, याचे फार सुंदर उत्तर सोळाव्या शतकात जर्मनीत दिले गेले. याकोब क्योबेल याच्या भूमापनावरील पुस्तकात एक कृती दिलेली आहे. रविवारी प्रार्थना संपून लोक चर्चबाहेर पडत असताना दारात उभे राहावे आणि सोळा माणसांना थांबवावे. उंच, ठेंगणे, जसे बाहेर येतील तसे घ्यावेत. प्रत्येकाने आपले डावे पाऊल दुसऱ्याच्या पावलाला चिकटवून एका रांगेत ठेवावे. ती सोळा पावलांची लांबी म्हणजे भूमापनाची काठी, आणि तिचा सोळावा भाग म्हणजे कायदेशीर फूट. पुस्तकातल्या चित्रात ती माणसे पाऊल पुढे टाकून एकामागोमाग उभी आहेत. सरासरी हा शब्द रूढ नसताना काढलेली ही सरासरीच होय. एकाचे पाऊल मोठे, दुसऱ्याचे लहान, आणि सोळा जणांत हे फरक बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. माणसे निवडून न घेता 'येतील तशी' घ्यायची, ही अट तर आजच्या संख्याशास्त्रज्ञालाही मान्य होईल.

घरच्या प्रयोगात हीच युक्ती वापरता येते. वाड्यावरच्या दहा-बारा माणसांच्या विती एका सरळ दोऱ्यावर एकापुढे एक मांडाव्यात आणि दोऱ्याची तेवढी लांबी माणसांच्या संख्येने भागावी. जी वीत मिळेल ती कोणाचीच नसते आणि सगळ्यांची असते. मात्र ती मिळताच शरीराला रजा द्यावी लागते. ही वीत काठीवर उतरवली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा माणसे गोळा करावी लागतील आणि दहा जणांपैकी एक जरी बदलला, तरी माप बदलेल.

मराठी मुलखात शरीराचे माप काठीवर उतरवण्याचे ठळक उदाहरण शिवकाळातले आहे. जमिनीच्या मोजणीसाठी ठरवलेली काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची होती. सभासदाच्या बखरीत तिची लांबी ८२ तसू सांगितली आहे. हात आणि मुठी हे बोलण्यातले वर्णन आणि तसू हे मोजण्यातले. पहिले रयतेला समजावे म्हणून आणि दुसरे कारकुनाला फिरवाफिरव करता येऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावता येतो. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. इथे काठी बोटभर आखूड झाली, तर त्याच शेतात बिघे जास्त भरतात आणि बिघे जास्त भरले की सारा जास्त. मापाची काठी कोणाच्या हातात आहे, यावर शेतकऱ्याच्या घरातले धान्य ठरत असे.

काठी कशाची असावी, हाही तितकाच मोलाचा प्रश्न. अकबराच्या काळात जमीन मोजायला तागाचा दोर वापरत. अबुल फजल याने 'आईने-अकबरी'त या दोराची तक्रार नोंदवली आहे. कोरड्या हवेत दोराची लांबी एक आणि दवाने भिजला की दुसरी. सकाळी मोजलेले शेत आणि दुपारी मोजलेले शेत सारखे भरत नसे आणि ही तफावत लबाडांच्या चांगलीच पथ्यावर पडे. शेवटी दोर बाद करून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आणली गेली. यात तत्त्वज्ञान काही नाही. ओल्या हवेत लांबी बदलणार नाही असा पदार्थ शोधला, एवढेच. पण मोजमापाच्या इतिहासातील निम्म्याहून अधिक कर्तबगारी याच प्रकारची आहे.

गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. सुती दोऱ्यावर दोन गाठी मारून त्यांमधील अंतर पक्क्या काठीवर टिपावे, दोरा भिजवून पुन्हा टिपावे. कागदाची पट्टीही दमट हवेत लांबते. लाकूड मात्र इथे चकवते. आषाढात दारे फुगून चौकटीत अडकतात, त्यावरून लाकडाची काठी मापाला निरुपयोगी ठरेल असे वाटते. प्रत्यक्षात लाकूड फुगते ते मुख्यतः आडवे, म्हणजे रेषांच्या काटकोनात. रेषांच्या दिशेने त्याची लांबी फारच थोडी बदलते. म्हणून उभ्या रेषांची, गाठी नसलेली, चांगली वाळलेली काठी घरगुती मापाला उत्तम चालते. धातू ओलाव्याला दाद देत नाही, पण उष्णतेला देतो. एक मीटर पोलादी पट्टी दहा अंशांनी तापली, तर साधारण दशांश मिलिमीटरने वाढते. पडद्याच्या कापडाला त्याचे काही नाही, पुलाच्या तुळईला आहे.

काठी तयार झाल्यावर टोकापासून टोकापर्यंत माप धरण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. टोके झिजतात, आपटतात, चिरतात. काठी गरजेपेक्षा थोडी लांब ठेवून आत दोन बारीक रेघा कोराव्यात आणि त्या रेघांमधले अंतर हे माप मानावे. १७९९ साली पॅरिसमध्ये ठेवलेला प्लॅटिनमचा पहिला मीटर टोकापासून टोकापर्यंत होता. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा नवा मीटर आला, तेव्हा मात्र तो दोन रेघांमधील अंतर म्हणून ठरवला गेला. पहिल्या प्रयोगात नऊ दशके शिकावे लागले ते दुसऱ्याला फुकट मिळते.

पुढचे काम विभागणीचे. कागदाची पट्टी काठीवरील मापाएवढी कापून ती दुमडत गेले की निम्मे, पाव, आठवा, सोळावा हे भाग आपोआप मिळतात. मोजपट्टीशिवाय दुमडणे हीच सर्वांत विश्वासू विभागणी असल्याने जुन्या व्यवहारात अर्धा, पाव, अदपाव आणि सोळा आणे यांचे राज्य होते. तिसरा भाग दुमडून काढायला थोडी खटपट पडते. दहावा भाग तर दुमडून निघतच नाही. त्यासाठी रेघांची वही घ्यावी. तिच्या रेघा समान अंतरावर आणि समांतर असतात. पट्टी अशी तिरपी ठेवावी की तिचे एक टोक पहिल्या रेघेवर आणि दुसरे अकराव्या रेघेवर येईल. वही अपुरी पडल्यास एकाआड एक रेघ धरावी. पट्टीची कड जिथे जिथे रेघांना छेदते, तिथे खूण करावी. पट्टीची लांबी कितीही विचित्र असली, तरी तिचे दहा समान भाग पडतात. समांतर रेषा आणि छेदिका यांचा जो गुणधर्म शाळेच्या भूमितीत परीक्षेपुरता पाठ केलेला असतो, तो इथे कामाला येतो.

दहा भाग करावेत की बारा की चोवीस, यावर मात्र मन लावून विचार करावा. चोवीस बोटांच्या हाताचे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा असे भाग पूर्ण बोटांत पडतात. दहाचे फक्त दोन आणि पाच. सुताराला आणि शिंप्याला चोवीस सोयीचे, हिशेबनिसाला दहा. जगाने दहा निवडले, कारण आकडे लिहिण्याची पद्धत दहाची आहे. हा निर्णय हिशेबनिसाच्या बाजूने झाला आणि सुतार हरला, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. या दोहोंत समेट घडवणारी एक चतुर रचनाही होऊन गेली. इंग्लंडमध्ये १६२० च्या सुमारास एडमंड गंटर याने ६६ फुटांची साखळी काढली आणि तिच्या शंभर कड्या केल्या. लांबी जुन्या एकराशी जुळणारी आणि विभागणी दशमान. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. शेजारच्या सिंधुदुर्गात आणि बेळगावात आज ज्या गुंठ्याने जमीन विकली जाते, तो ३३ फूट बाय ३३ फूट असतो. ३३ फूट म्हणजे गंटरची अर्धी साखळी आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

आता परीक्षा. पहिली परीक्षा विभागणीची. पट्टी काठीवर ठेवून खुणा उतरवाव्यात, मग पट्टी उलटी फिरवून डावे टोक उजवीकडे आणावे. मधली खूण मधल्या खुणेवर आणि तिसरी सातवीच्या जागी, अशा सगळ्या जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर जेवढा फरक दिसतो, त्याच्या निम्मी चूक आहे. मग एक दशांश भाग वेगळा कापून तो दहा वेळा पुढे ठेवत न्यावा आणि पूर्ण काठीशी ताडून पाहावा. हडप्पाकालीन कारागीर या परीक्षेत किती पक्के होते, हे मोहेंजोदडोला सापडलेल्या शिंपल्याच्या मोजपट्टीच्या तुकड्यावरून दिसते. तिच्यावर सरासरी ६.७ मिलिमीटर अंतराने रेघा आहेत आणि त्यांतील सरासरी चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. गुजरातेतील लोथल येथे मिळालेल्या हस्तिदंती पट्टीवरच्या खुणा तर १.७ मिलिमीटर अंतरावर आहेत. एवढ्या बारीक खुणा आज उघड्या डोळ्यांनी आणि साध्या हत्याराने कोरून पाहिल्यास चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक हाताविषयी आदर दुणावतो.

दुसरी परीक्षा पुनरावृत्तीची. एकच ओटा एकाच माणसाने एकाच काठीने दहा वेळा मोजावा आणि दर वेळचा आकडा आधीचा न पाहता लिहावा. आकडे एकसारखे येत नाहीत. काठी उचलून पुढे ठेवताना कधी केसभर पुढे जाते, कधी मागे राहते. या चुका दोन जातींच्या असतात आणि त्यांतील भेद ओळखणे हा या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. समजा, काठी शंभर वेळा ठेवायची आहे आणि दर वेळी सुमारे दोन मिलिमीटरची चूक होते. चूक कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर ती बरीचशी आपसांत फिटते आणि शेवटी साधारण दोन सेंटिमीटर उरते. परंतु दर वेळी पुढेच होत असेल, किंवा काठीच मुळात दोन मिलिमीटर आखूड असेल, तर शंभर वेळांत पुऱ्या वीस सेंटिमीटरांचा फरक पडतो. पहिल्या जातीची चूक पुन्हा पुन्हा मोजल्याने उघडी पडते. दुसरी हजार वेळा मोजूनही दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी ती तशीच होते.

लांबीचे स्वतःचे माप काढून ते खरोखर वापरून पाहण्याचे अलीकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण थट्टेतून जन्माला आले. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील काही विद्यार्थ्यांनी चार्ल्स नदीवरील हार्वर्ड पूल आपल्यातील एका नव्या विद्यार्थ्याच्या शरीराने मोजला. त्याचे नाव ऑलिव्हर स्मूट आणि उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे सुमारे १७० सेंटिमीटर. त्याने पुलावर आडवे व्हायचे, मित्रांनी खूण करायची, मग त्याने उठून पुढच्या खुणेवर आडवे व्हायचे. काही वेळाने तो दमला आणि मित्रांनी त्याला उचलून ठेवायला सुरुवात केली. पूल ३६४.४ स्मूट भरला आणि त्यापुढे त्यांनी 'अधिक-उणे एक कान' अशी पुस्ती जोडली. विनोद म्हणून लिहिलेली ही पुस्ती शास्त्राच्या दृष्टीने त्या सगळ्या खटाटोपातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट होती, कारण मोजमापासोबत संभाव्य चूक सांगणे ज्यांच्याकडून अपेक्षित असते, तेही अनेकदा ते विसरतात. पुलावरच्या खुणा दरवर्षी नव्याने रंगवल्या जाऊ लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूल नव्याने बांधला गेला, तेव्हा पदपथाच्या फरशीचे सांधे नेहमीच्या सहा फुटांऐवजी एकेका स्मूटवर घेण्यात आले. ऑलिव्हर स्मूट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे अध्यक्ष झाले. कल्पित कथेत असे लिहिले, तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत.

स्मूटच्या पद्धतीतील उणीव कोणती? माणूस एक आहे, जवळ आहे, पण तो वाढतो, वाकतो आणि एके दिवशी नसतो. मग कोणाच्याही शरीरावर अवलंबून नसलेले माप निसर्गातून घेता येईल का? सतराव्या शतकात लंबकाकडे आशेने पाहिले गेले. ज्याचा एक हेलकावा बरोबर एका सेकंदात होतो, त्या लंबकाची लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर असते. दोरा आणि गोळा असला की जगात कोणालाही हे माप नव्याने घडवता येईल, अशी ही कल्पना. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला आणि त्याच्या लक्षात आले, की पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडते. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. पृथ्वीचे गुरुत्व सर्वत्र सारखे नाही, हे त्यातून कळले. माप फसले आणि पृथ्वीचा आकार उमगला. हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.

१७९१ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने लंबक बाजूला ठेवून पृथ्वीच धरली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. आता ते अंतर मोजणे आले. १७९२ मध्ये दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलज्ञ पॅरिसहून निघाले. दलांब्रने डंकर्कपासून रोदेझपर्यंतचा उत्तर भाग आणि मेशँने तिथून बार्सिलोनापर्यंतचा दक्षिण भाग घेतला. एक वर्षाचे मानलेले काम संपायला सहा वर्षांहून अधिक लागली. क्रांतीचे दिवस होते. टेकड्यांवर आणि मनोऱ्यांवर उभारलेल्या दलांब्रच्या पांढऱ्या निशाण्या पाहून लोकांना राजाच्या पक्षाची खूण वाटे, कारण पांढरा हा राजघराण्याचा रंग. तो अनेकदा अडवला गेला. त्रिकोणांची साखळी जुळवत दोघे पुढे सरकत होते. साखळीची एक बाजू पॅरिसजवळ मेलाँ येथे प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी जमिनीवर मोजली. दुसऱ्या टोकाला पर्पिन्याँजवळ आणखी एक बाजू तशीच मोजली आणि त्रिकोणांवरून गणिताने काढलेल्या तिच्या लांबीशी ताडून पाहिली. शेकडो किलोमीटरच्या साखळीनंतर पडलेला फरक फुटाच्या आतला होता.

मेशँच्या मनात मात्र काटा रुतला होता. बार्सिलोनाजवळच्या माँझुईक किल्ल्यावरून त्याने ताऱ्यांच्या वेधांनी अक्षांश काढला होता. पुढे युद्धामुळे तो त्या शहरात अडकला आणि किल्ल्यात प्रवेश नसल्याने त्याने जवळच्या खाणावळीतून पुन्हा वेध घेतले. दोन्ही ठिकाणांमधील अंतर ठाऊक होते. त्यावरून अक्षांश जुळायला हवे होते, पण सुमारे तीन विकलांचा फरक पडला. जमिनीवर तो शंभर मीटरच्या आसपास भरतो. प्रत्येक वेळचे त्याचे वेध आपसांत विलक्षण जुळत होते, तरीही दोन ठिकाणची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. म्हणजे चूक दुसऱ्या जातीची, मोजून मोजून न दिसणारी. मेशँने ती कोणाला सांगितली नाही. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला आणि गौरव झाला, तरी तो अस्वस्थच राहिला. मोजणी दक्षिणेकडे वाढवून ती विसंगती पुसून टाकावी म्हणून तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने मरण पावला. त्याच्या वह्या दलांब्रच्या हाती आल्या, तेव्हा ती लपवाछपवी उघड झाली. दलांब्रने सहकाऱ्याची निंदा टाळून आकडे जतन केले. पुढे कळले, की मेशँ निष्काळजी नव्हता. ताऱ्यांच्या वेधांत उपकरणातून शिरणारी चूक संतुलित करण्याची रीत त्या काळी पुरती रुळलेलीच नव्हती. शिवाय पृथ्वीही अपेक्षेइतकी गुळगुळीत आकाराची नाही. ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर एक कोटी मीटर नसून त्याहून सुमारे दोन किलोमीटर जास्त आहे, म्हणजे १७९९ चा मीटर आपल्याच व्याख्येपेक्षा दोन दशांश मिलिमीटरने आखूड आहे.

एवढे होऊनही मीटर बदलला गेला नाही. पुढच्या सर्व व्याख्या त्याच आखूड पट्टीशी जुळवून घेतल्या गेल्या. १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर तोडतो, त्याला मीटर म्हणतात. हा बेंगरूळ आकडा आला तो मेशँ आणि दलांब्र यांच्या पट्टीशी इमान राखण्यासाठी. सगळ्यांच्या वापरात पडलेले माप चुकीचे असले, तरी ते बदलण्यापेक्षा व्याख्या बदलणे स्वस्त पडते.

नावांचा मोह हा नव्या मापाचा आणखी एक शत्रू. पोर्तुगालची जुनी मापे पाल्म, कोव्हाद आणि व्हारा ही होती. पाल्म २२ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपली वीतच, कोव्हाद तीन पाल्मांचा आणि व्हारा पाच पाल्मांचा. १८१४ मध्ये पोर्तुगालने दशमान मापे स्वीकारली, पण नावे जुनीच ठेवली. ११० सेंटिमीटरांचा व्हारा कागदावर एक मीटरचा झाला. ही योजना व्यवहारात उतरली नाही. गिऱ्हाईक जुना व्हारा मागणार आणि दुकानदार नवा देणार, ही भीती कोणाला वाटली नसेल असे मानणे कठीण आहे. १८५२ मध्ये पोर्तुगालने मीटर नावासकट घेतला आणि पुढे तो वसाहतींतही आला. ब्रिटिश हिंदुस्थान तेव्हा आणि त्यानंतर शतकभर फूट-इंचांत होता, भारताचा दशमान मापांचा कायदा १९५६ चा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की जमिनीचा भाव चौरस मीटरऐवजी गुंठ्यात ऐकू येतो, त्यामागे हा इतिहास आहे.

घरी घडवलेल्या मापालाही नवे नाव द्यावे. त्याला 'वीत' म्हटले, तर प्रत्येक जण नकळत स्वतःची वीत पुढे करील. त्यानंतरची परीक्षा परक्या माणसाची. माप घडवताना हजर नसलेल्याच्या हाती काठी आणि चार ओळींची लेखी सूचना द्यावी, तोंडी काही सांगू नये. त्याने खोली मोजून आणलेला आकडा घडवणाऱ्याच्या आकड्याशी जुळला, तर माप उभे राहिले. न जुळल्यास बहुतेक वेळा दोष सूचनेत सापडतो. रेघेच्या कोणत्या कडेपासून मोजायचे, भिंतीच्या कोपऱ्यात काठी टेकत नसेल तर काय करायचे, हे लिहायचे राहून गेलेले असते.

शेवटी ही काठी अधिकृत मापाशी ताडावी. कापडाच्या दुकानातील धातूच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. तीवर ठेवून आपले एक माप म्हणजे किती सेंटिमीटर, हे मिलिमीटरपर्यंत टिपावे आणि तारखेसह काठीच्या पाठीवर लिहावे. वर्षाने पुन्हा ताडावे. कौटिल्याने वजनांची तपासणी दर चार महिन्यांनी सांगितली आहे, काठीला वर्ष चालेल. आणि सुताराकडे निरोप धाडताना 'चार हात' असा आकडा पाठवण्याऐवजी कड्यांखाली धरून खूण केलेली काठीच पाठवावी. अनेक जुन्या घरांत माटोळीच्या चौकटीशेजारी अशी एक काठी माळ्यावर पडलेली असते, तिच्यावर खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा असतात आणि ती कशासाठी ठेवली आहे, हे घरातील एखाद्यालाच माहीत असते.